हरकती आणि सूचना

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची चढण चढताना वाटेत चतुर्भुजाचं देऊळ लागतं. लहानसं, खडकातून कोरून काढलेलं. इसवी सन ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० हात लांबीच्या बागेची आणि देवाला रोज वाहायच्या ५० माळांची नोंद आहे. या दोन्ही आकड्यांतलं शून्य आजच्यासारखंच, गोल. पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि तिथल्या तिथे इंटरनेटवर टाकतात. त्याच इंटरनेटच्या पत्त्यात शेवटच्या ठिपक्यानंतर जे नाव येतं, त्यात मात्र शून्याला प्रवेश नाही. कुठल्याच अंकाला नाही. तिथे फक्त अक्षरं बसतात. गंमत अशी की ‘.भारत’ हे नाव यंत्राच्या पोटात साठवलं जातं ते ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि ‘एच२बीआरजे९सी’ अशा रूपात. म्हणजे आत अंक चालतात, दर्शनी भागात नाही.

असे नियम करणारी संस्था आयकॅन. कॅलिफोर्नियात नोंदलेली, नफा न कमावणारी, सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झालेली. ती दर पाच वर्षांचा धोरणात्मक आराखडा करते, दरवर्षी अंदाजपत्रक मांडते आणि जवळजवळ प्रत्येक मसुदा लोकांपुढे ठेवते. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की वर्तमानपत्रात नोटीस येते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात, तसाच हा प्रकार. मुदत साधारण चाळीस दिवसांची. गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत या हरकती-सूचनांनी काय साधलं, हे पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. लोकांना विचारलं की नाही, यापेक्षा नेमकं काय विचारलं, यावर सगळं अवलंबून राहिलं.

सुरुवातीला भारतात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ‘डॉट इन’ची सोय १९८९ मध्ये झाली आणि तिचा कारभार मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीएसटीतून चाले. नियम इतके आवळलेले होते की पुढच्या पंधरा वर्षांत नोंदली गेलेली नावं जेमतेम काही हजारांत होती. तिकडे अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने १९९८ च्या जानेवारीत नावांच्या कारभाराबद्दलची कच्ची टिपणी काढली, तिच्यावर साडेसहाशेहून अधिक अभिप्राय आले आणि त्यातून आयकॅनचा जन्म झाला. जगाच्या पत्त्यांचं दप्तर कुणाकडे असावं हे साडेसहाशे पत्रांच्या आधाराने ठरलं, हे आज वाचताना नवल वाटतं.

दोन वर्षांनी आयकॅनने त्याहून धाडसी प्रयोग केला. संचालक मंडळावरच्या पाच जागा थेट इंटरनेट वापरणाऱ्यांच्या मतदानाने भरायच्या, जगातल्या पाच विभागांतून एकेक. नाव नोंदवणाऱ्याला मतदानाचा गुप्त क्रमांक कागदी टपालाने घरी पाठवला जाई. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, पण ऑक्टोबर २००० मध्ये प्रत्यक्ष मत दिलं ३४,०३५ जणांनी. आशिया-पॅसिफिक विभागातून जपानचे मासानोबू कातो निवडून आले. उत्तर अमेरिकेतून आलेले कार्ल ऑअरबाख पुढे संस्थेचे हिशेब पाहायला मिळावेत म्हणून संस्थेवरच खटला भरून बसले आणि जिंकले. त्यांच्यासारखा संचालक पुन्हा नको असं कुणी उघड बोललं नाही, पण २००२ च्या सुधारणेत थेट निवडणूकच गेली. तिच्या जागी सामान्य वापरकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती आली. मत गेलं, सल्ला उरला.

भारतात दरम्यान हवा बदलत होती. ‘डॉट इन’चा कारभार पुढे जिच्याकडे गेला ती निक्सी ही संस्था २००३ मध्ये उभी राहिली, २००५ च्या आरंभी ‘डॉट इन’ सर्वांना खुलं झालं आणि नोंदणी भराभर वाढली. आयकॅनची बैठक फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीत भरली. त्याच वर्षी डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्याला आठवडाच झाला असताना, संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट कारभारविषयक मंचाचं अधिवेशन हैदराबादला पार पडलं. माहिती तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री त्या वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले ज्योतिरादित्य होते.

लोकांना न विचारण्याची चूक आपल्या सरकारनेही केली. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव ठेवला की इंटरनेटची धोरणं ठरवायला पन्नास देशांची समिती नेमावी. प्रस्तावाच्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो, पण तो मांडण्याआधी देशातल्या उद्योगांना, तंत्रज्ञांना आणि नागरी संघटनांना कुणी विश्वासात घेतलं नाही, अशी टीका घरातूनच झाली. पुढे भूमिका वळली. जून २०१५ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या आयकॅन बैठकीत तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांच्या चित्रफितीतल्या निवेदनातून भारताने सगळ्या घटकांना सामावून घेणाऱ्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला.

या सगळ्या उच्चपातळीवरच्या घडामोडी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी माणसाचा त्यांच्याशी संबंध आला तो वेगळ्याच वाटेने, एका अक्षरामुळे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे फौजेची छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर झालं. तेव्हापासून काळे, गोळे, कऱ्हाडे अशा आडनावांची घरं हिंदी मुलखात नांदताहेत. सरकारी कागदावर ‘काळे’चं ‘काले’ होतं. ‘कऱ्हाडे’तला चंद्रकोरीसारखा रफार पाहून कारकून थबकतो. लिपी एकच देवनागरी, पण हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ला जागा नाही. कागदावर ही तक्रार हसण्यावारी नेता येते. डोमेन नावात नेता येत नाही, कारण यादीत नसलेलं अक्षर यंत्र स्वीकारतच नाही.

ही यादी कशी झाली, हा या मागोव्यातला सर्वांत भरीव भाग आहे. आयकॅनने सोल इथे ऑक्टोबर २००९ मध्ये देशांना आपापल्या लिपीत शेवटचं नाव घेण्याची मुभा दिली. भारताने सात लिप्यांमधली नावं मागितली आणि ती २०११ मध्ये मंजूर झाली. ‘.भारत’ची नोंदणी प्रत्यक्षात सुरू झाली २७ ऑगस्ट २०१४ ला. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी, अशा आठ भाषा या एका नावाखाली आल्या. इथल्या अक्षरांचे नियम पुण्याच्या सी-डॅकने भाषावार तयार केले होते. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं तिथल्या जिस्ट गटाचं काम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनचं.

पण जगभरच्या कुणालाही उद्या देवनागरीत नवं शेवटचं नाव मागता यायचं असेल, तर एक सामायिक नियमावली हवी. ती करायला ‘निओ-ब्राह्मी’ नावाचं तज्ज्ञमंडळ बसलं. ब्राह्मीतून निघालेल्या नऊ लिप्या त्याच्याकडे होत्या. सी-डॅकचे महेश कुलकर्णी, भाषाशास्त्रज्ञ उदय नारायण सिंह आणि जयपूरचे उद्योजक अजय डाटा यांनी धुरा वाहिली. नेपाळ आणि बांगलादेशातलेही सदस्य होते. अक्षरागणिक पुरावा मांडायचा, असा इथला शिरस्ता होता. हे अक्षर कोणती भाषा वापरते, आज वापरते का, दुसऱ्या अक्षराशी त्याची गल्लत होते का?

‘ळ’ यादीत आला. मराठीतला ‘ऱ’ आला, पण सुटा नाही. हलन्त होऊन पुढे ‘य’ किंवा ‘ह’ असेल तरच. म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘कऱ्हाड’ लिहिता येतं आणि भलत्या ठिकाणी तो टाकून फसवं नाव करता येत नाही. अक्षरं जोडायची-तोडायची अदृश्य चिन्हं, जी टंकलेखनात आपण नकळत वापरतो, ती या पातळीवर वगळली गेली. डोळ्यांना दिसत नाही ते पत्त्यात असणं धोक्याचं. शेजारच्या लिप्यांचाही विचार झाला. गुरुमुखीतला ‘स’ दिसायला थेट देवनागरी ‘म’सारखा, तर ‘ट’ आणि ‘ठ’ दोन्हीकडे जवळपास सारखे. दोन लिप्यांत हुबेहूब दिसणारी दोन नावं दोन निरनिराळ्या मालकांना मिळाली, तर बँकेच्या नावाने गंडा घालणाऱ्याला सोयच झाली.

देवनागरीचा मसुदा २०१८ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला, एप्रिल २०१९ मध्ये पक्का झाला आणि त्याच वर्षी जागतिक नियमावलीत गेला. हा दस्तऐवज रुक्ष आहे, आणि तरीही सार्वजनिक मतामुळे काय घडू शकतं त्याचा नमुना म्हणून तो वाचण्यासारखा आहे. प्रश्न नेमका होता आणि उत्तर देण्याची पात्रता भाषा जाणणाऱ्या कुणाकडेही होती.

याच्या अगदी उलट टोकाला आयकॅनचे पंचवार्षिक आराखडे. २०२१ ते २०२५ साठीच्या आराखड्याचा मसुदा २०१८ च्या डिसेंबरात लोकांपुढे आला आणि पुढच्या जूनमध्ये संमत झाला. त्यात सुरक्षितता, कारभाराची परिणामकारकता, ओळखचिन्हांच्या व्यवस्थेचा विकास, भूराजकारण आणि आर्थिक स्थैर्य अशी पाच उद्दिष्टं आहेत. वाचून मान डोलवावी, विरोध कशाला करायचा ते कळू नये, अशी भाषा. अशा मसुद्यांवर अभिप्राय पाठवतात ते मुख्यतः नावं विकणाऱ्या कंपन्यांचे गट, सरकारांचे प्रतिनिधी आणि आयकॅनच्याच समित्या. आराखडा संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत मिळतो. हिंदी त्यांत नाही, मराठीचं तर विचारूच नये.

तरीही आराखडा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. अमेरिकी सरकारने १ ऑक्टोबर २०१६ ला आयकॅनवरची आपली देखरेख सोडली, तेव्हा संस्थेच्या नव्या घटनेत वापरकर्ते, सरकारं, देशनिहाय नोंदणीसंस्था अशा पाच घटकांना एकत्र येऊन धोरणात्मक आराखडा आणि अंदाजपत्रक फेटाळण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतरची पहिलीच बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला झाली. संस्थेचा खर्च चालतो तो मुख्यतः नाव नोंदवणाऱ्यांच्या पैशावर: ‘डॉट कॉम’सारख्या नावामागे वर्षाला १८ सेंट, जुलै २०२५ पासून २० सेंट. ‘डॉट इन’ आणि ‘.भारत’ या हिशेबात येत नाहीत, पण लष्करातल्या दुकानदाराने ‘डॉट कॉम’ घेतलं असेल तर त्याचेही पंधरा-सतरा रुपये या तिजोरीत पडतात.

भारतीय माणसाला अभिप्राय देण्याचा कंटाळा आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीबद्दल, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना सारखीच वागणूक मिळावी का याबद्दल, ११८ पानांचं, वीस प्रश्नांचं सल्लामसलतपत्र काढलं. तरुणांच्या एका गटाने ते सोप्या भाषेत उलगडलं, उत्तरांचा नमुना तयार ठेवला, आणि महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायच्या दारात पोचले. ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकले, हा अजागळपणा वेगळा. पण फेब्रुवारी २०१६ चा नियम लोकांच्या बाजूने लागला. वापरणाऱ्याच्या खिशाशी जोडलेला प्रश्न कुणीतरी त्याच्या भाषेत विचारला, एवढाच फरक.

खिशाशी जोडलेला प्रश्न आयकॅनपुढेही आला होता. ‘डॉट ऑर्ग’ची किंमत वाढवण्यावरची मर्यादा काढावी का, असं २०१९ मध्ये विचारलं गेलं. तीन हजारांहून जास्त अभिप्राय आले, बहुतेक सगळे विरोधात. जगभरच्या सेवाभावी संस्था याच नावाखाली नांदतात. जून संपता संपता मर्यादा निघाली. नोव्हेंबरात बातमी फुटली की ‘डॉट ऑर्ग’ सांभाळणारी संस्थाच ११३.५ कोटी डॉलरना एका गुंतवणूक कंपनीला विकली जाणार आहे. मग निदर्शनं, पत्रं आणि शेवटी कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याचं खरमरीत पत्र. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने विक्री नाकारली. तीन हजार सूचनांनी जे झालं नाही ते एका सरकारी पत्राने झालं, असं म्हणावंसं वाटतं. पण आधीचा गदारोळ नसता तर ते पत्र निघालं असतं का, हेही विचारायला हवं.

अक्षरांची लढाई जिंकली तरी वापराची अजून चालू आहे. वसुंधरा राजे, म्हणजे ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंद्यांच्या कन्या, राजस्थानच्या मुख्यमंत्री असताना २०१७ च्या अखेरीस तिथल्या नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदीतले ईमेल पत्ते देण्याची योजना आली. पत्ता मिळतो, पण अनेक संकेतस्थळांचे अर्ज तो टाकला की चुकीचा ठरवतात. ‘.भारत’ला हवा तसा प्रतिसाद न मिळण्यामागे हे मोठं कारण आहे.

नव्या शेवटच्या नावांसाठी २०१२ मध्ये १,९३० अर्ज आले. देवनागरीत ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ ही नावं मंजूर झाली ती अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संस्थांना. भारत सरकारने ‘.राम’ आणि ‘.इंडियन्स’ या रोमन नावांवर हरकत घेतली होती, त्यातलं पहिलं एका मोटार कंपनीला हवं होतं. दोन्ही पुढे गेली नाहीत. पुढच्या फेरीसाठी आयकॅनने ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ अशी अर्जाची मुदत जाहीर केली, फी २,२७,००० डॉलर. देवनागरीतल्या अर्जांना या वेळी २०१९ ची नियमावली लागू आहे, ‘ळ’ आणि अर्धा ‘ऱ’ धरून, आणि येणाऱ्या प्रत्येक अर्जावर हरकत घेण्याची मुभा कुणालाही आहे.