सेन्सर बदलण्याआधी प्लग तपासा



गळीत हंगाम सुरू झाला की फड, टोळी आणि कारखाना अशी गाडीची धावपळ सुरू होते. आपल्यापैकी पुष्कळांकडे दहा-पंधरा वर्षे वापरलेली कॉमन रेल टर्बो डिझेल गाडी आहे. ती चढाला मधेच दम सोडते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ नीट पळते. गॅरेजात स्कॅनर लावला की ‘बूस्ट सेन्सर’ असे नाव येते. सेन्सर बदलतात, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

याचे कारण असे, की इंजिनच्या कॉम्प्युटरला सेन्सर दिसत नाही, वायरीतून येणारा व्होल्टेज तेवढा कळतो. वायर उंदराने कुरतडली, टर्बोच्या उष्णतेने कडक होऊन तडकली किंवा प्लगात हिरवा गंज धरला, तरी दोष सेन्सरच्याच नावावर पडतो आणि कॉम्प्युटर इंजिनचा जोर कमी करतो. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही तर आपण आधी पाट बघतो, लगेच मोटर बदलत नाही. इथेही तसेच.

तपासणी क्रमाने करावी.

१. टर्बोपासून निघणारे रबरी पाइप फुटलेले, सुटलेले नाहीत ना, हे आधी बघा.

२. बॅटरी बंद गाडीत साधारण 12.5 व्होल्ट, चालू गाडीत 14 च्या आसपास हवी. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थची पट्टी खोलून घासा.

३. चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढा. लॉक दाबूनच काढावा, वायर ओढू नये. पिन वाकलेली, हिरवी किंवा ओली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा. पॉलिश पेपर लावू नका, पिनेवरचा मुलामा जातो.

४. चावी ‘ऑन’ करा. प्लगच्या एका वायरीला 5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. मिळाले नाहीत, तर त्याच लाइनवरचे इतर सेन्सर एकेक करून काढा. जो काढताच 5 व्होल्ट परत येतील, तो सेन्सर शॉर्ट आहे.

५. प्लग पुन्हा बसवा. इंजिन चालू ठेवून, पंखा-पट्ट्यापासून हात दूर ठेवून वायरिंग हळूहळू हलवा. एखाद्या जागी इंजिन अडखळले तर दोष तिथेच आहे.

एवढे करूनही दिवा राहिला, तरच सेन्सर बदलावा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. चालू इंजिनात इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका. तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असतो. आणि गाडीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची केबल व कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवा, नाहीतर सेन्सरऐवजी कॉम्प्युटरचाच खर्च अंगावर यायचा.