कळसूबाईची चढण : भूगोलाचा एक पाठ

अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. ते ज्वालामुखीचा शंकू आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव असतो. तो दूर करणे अगत्याचे आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस वाहिला व त्याचे थरांवर थर साचले. पुढे पाऊसपाण्याने सभोवतालचा खडक झिजला; उरला तो हा डोंगर. बारी गावाहून चढताना कठीण थरांच्या कड्यांवर लोखंडी शिड्या लागतात, तर मऊ थरांवर उतार सौम्य होतो. माथ्यावरून अलंग, मदन व कुलंग यांच्या कड्यांतही असेच आडवे थर दिसतात. ते शिक्षकांनी मुलांकडून ओळखवून घ्यावेत. शिडीवर मात्र गर्दी होऊ देऊ नये व पावसाळ्यात सहल नेऊ नये.