शांत आजोबा, की गुंगीतले?

डिमेन्शिया झालेली व्यक्ती रात्री ओरडते, दाराशी जाऊन उभी राहते. माणसे कमी असलेल्या वृद्धनिवासात यावर सोपा उपाय एकच : गोळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच बजावले होते, की अशा वृद्धांना नव्या पिढीची अँटिसायकोटिक औषधे दिल्यास मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. ऑस्ट्रेलियातील वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे नावच होते ‘उपेक्षा’! माणसे कमी पडू नयेत म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या वृद्धनिवासांत दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांच्या शुश्रूषेची अट आहे. आपल्याकडे निवास पाहायला जाल तेव्हा बागेचे कौतुक नंतर करा. आधी औषधांचा तक्ता मागा आणि रात्रपाळीला किती जण असतात ते विचारा.