घडीची काचदारे आणि डोक्यावरची तुळई

जुन्या पेठेतील दुकान उघडणे हेही एक कामच असे. खोबणीत उभ्या बसविलेल्या लाकडी फळ्या दुकानदार एकेक करून काढी. क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. पुढे पत्र्याचे गुंडाळते दार आले. आता बेळगाव, मडगाव, इंदूर येथील कित्येक दुकानदारांना दर्शनी भागी संपूर्ण काच हवी असते, आणि तीही घडी होऊन बाजूस सरणारी. हौस चांगली आहे. मात्र काचेची छटा व चौकटीचा रंग निवडण्यात दिवस घालविणारा गृहस्थ डोक्यावरच्या तुळईकडे क्वचितच पाहतो; आणि या दारांचे यशापयश ठरते ते तेथेच.

हिशेब साधा आहे. काचेच्या एका चौरस मीटरचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. 4.5 मीटर रुंद व 2.4 मीटर उंच अशा दर्शनी भागास 10 मिलिमीटर काचेच्या पाच झडपा लावल्या, तर एका झडपेची नुसती काचच सुमारे 54 किलो होते; पाचांची 270. ॲल्युमिनियमची चौकट निराळी. झडपा वरच्या रुळास टांगल्या, तर हा सारा भार तुळईवर येतो, आणि तो एका जागी राहत नाही. दारे मिटलेली असताना तो सर्वत्र वाटलेला असतो, उघडताना मध्यावरून सरकतो, उघडल्यावर एका टोकास गोळा होतो. तुळई थोडी जरी लवली तरी झडपा खाली घासू लागतात. मग दुकानदार बिजागऱ्यांना तेल घालतो व कारागिरास बोल लावतो. दुखणे डोक्यात आणि लेप पायाला, असा हा प्रकार! जुन्या इमारतीत तुळई लाकडी असेल, तर ती आधी जाणत्या अभियंत्यास दाखवावी. तिचा भरवसा नसल्यास खालच्या रुळावर चाकांनी चालणारी, भार जमिनीवर टाकणारी दारे घ्यावीत. त्या रुळात खडे अडकतात व तो रोज झाडावा लागतो, एवढी किंमत त्यासाठी मोजावी लागते.

काच कडक केलेली, म्हणजे ‘टफन्ड’च असावी. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. फुटली तर तिच्या सुऱ्या होत नाहीत, बारीक बोथट खडे होतात. परंतु एकदा कडक झाल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून गिलावा व फरशी पुरी होण्यापूर्वी माप देणे हे पैसे गटारात टाकणे होय. रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून लहानात लहान माप धरावे. दोन्ही कर्णही ताडून पाहावेत.

चौकटीत काच बसविताना तिच्याखाली रबरी ठोकळे देतात: एक बिजागरीकडे खालच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या तिरकस समोर, वर. अंगणाच्या फाटकाला सुतार तिरकी पट्टी मारतो, तेच काम येथे काच करते. झडप खाली झुकत नाही. घाईत हे ठोकळे गाळले जातात आणि वर्षभरात कुलूप लागेनासे होते.

झडपांची संख्या विषम ठेवल्यास चार जोडीने मिटतात व पाचवी साध्या दाराप्रमाणे चालते. गिऱ्हाइकाला आत घेण्यास सारे उघडावे लागत नाही. डोळ्यांच्या उंचीवर काचेवर एखादी ठळक पट्टी हवी, नाहीतर मुले थेट येऊन आदळतात.

राहिला उंबरठा. कोकणगोव्याकडे वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. उंबरठा जमिनीसपाट हवा असेल, तर त्याबाहेर जाळीची पन्हळ आणि रस्त्याकडे उतार पाहिजेच. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कारागिरासमक्ष दोन बादल्या पाणी तेथे ओतावे, आणि ते कोणीकडे वाहते ते पाहावे.