कलेक्टरच्या गाडीचं इंजिन, शर्यतीचा सांगाडा

अँबॅसिडरचं इंजिन शर्यतीच्या गाडीत बसवायचंय, असं कोणी म्हणालं तर ओझर-नारायणगावचा कुठलाही फिटर आधी हसेल आणि मग गाडी बघायला मागेल. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने नेमका हाच उद्योग केला. गिडो आणि शमा बोथे या दांपत्याच्या छोट्या कारखान्यातून ‘चिंकारा रोडस्टर १.८ एस’ नावाची उघडी, दोन जणांची गाडी बाहेर पडली. अंग फायबरग्लासचं. रूप लोटस सेव्हन या १९५७ सालच्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं. पोटात मात्र हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्यांतलं १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन, ज्याच्या जोरावर कलेक्टरसाहेबांची पांढरी अँबॅसिडर दौऱ्यावर निघायची.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. इथे ती घाई करू नये, कारण मूळ लोटस सेव्हनही अशीच जमवाजमव होती.

कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर. पूल आणि छपरांचे सांगाडे ज्या गणिताने उभे राहतात, ते गणित त्याने मोटारीला लावलं. १९५२ साली त्याने लोटस कंपनी स्थापन केली आणि पाच वर्षांनी सेव्हन बाजारात आणली. तिच्या लांबुळक्या नाकाखाली एखादं भारी इंजिन असेल असं वाटतं. प्रत्यक्षात होतं ते साध्या फोर्डचं, ११७२ सीसीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीचं. ज्या मोटारीतून लंडनचा कारकून कामावर जायचा, तिच्यातलं. पण अख्ख्या सेव्हनचं वजन भरायचं ४९९ किलो. म्हणजे एका अश्वशक्तीवर साडेबारा किलोंचा बोजा. आपल्या अँबॅसिडरच्या १.८ इंजिनाची ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती, जवळजवळ दुप्पट. पण गाडीच अकराशे किलोंच्या घरातली, त्यामुळे तिथे हा बोजा पंधरा किलोंच्या आसपास जातो. चाळीसवाली पंचाहत्तरवालीला मागे टाकते ती अशी.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे गणित समजावून सांगायची गरज नाही. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात घोडी पुढे आणि बैलांच्या दोन जोड्या मागे सुटतात, तेव्हा त्यांच्यामागचा गाडा ऊस किंवा कांदा वाहणाऱ्या गाडीसारखा नसतो. साटी, फळ्या, जाडजूड लाकूड, जे जे मालासाठी असतं ते सगळं त्यातून गेलेलं असतं. उरतात चाकं आणि ती धरून ठेवण्यापुरता सांगाडा. बारी सेकंदांवर मोजली जाते, आणि चढावर प्रत्येक किलो आडवा येतो. चॅपमनने मोटारीचं हेच केलं. दारं काढली, टप जवळपास काढलाच, मागच्या बाकाचा प्रश्नच ठेवला नाही.

सेव्हनचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या त्रिकोणात जोडून केलेला असतो. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून कमी लोखंडात जास्त ताठपणा मिळतो. इंजिन पुढे पण बरंचसं मागे सरकवलेलं, आणि चालवणारा जवळजवळ मागच्या ॲक्सलला टेकून बसलेला. त्यामुळे वजन दोन्ही ॲक्सलवर वाटलं जातं आणि वळणावर नाक हुकमात राहतं. बसायचं म्हणजे एक पाय बाजूवरून आत टाकायचा, सीटवर उभं राहायचं आणि पाय पुढच्या बोगद्यात ढकलत स्टिअरिंगखाली घसरायचं. पुढची दोन्ही चाकं आणि त्यांच्यावरचे सायकलसारखे मडगार्ड बसल्या जागेवरून दिसतात. गतिरोधकावर पोट घासण्याची भीती कायमची, आणि आषाढातल्या कोकणात ही गाडी बाहेर काढणाऱ्याच्या हौसेला तर दंडवतच.

चिंकाराने अँबॅसिडरकडे वळण्यामागे एक रोखठोक तांत्रिक कारण दिसतं. सेव्हनच्या मांडणीला इंजिन उभं म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर लागतं, आणि ताकद शाफ्टवरून मागच्या चाकांना जावी लागते. मारुतीच्या ८०० पासून आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनं आडवी बसू लागली आणि पुढची चाकं ओढू लागली. जुन्या पद्धतीचं, ओव्हरहेड कॅमचं, पाच गिअरच्या गिअरबॉक्सची जोड असलेलं आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं पेट्रोल इंजिन शोधायला गेलं की बोट अँबॅसिडर-काँटेसावरच येऊन थांबतं. यात एक गंमतही आहे. अँबॅसिडर मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, काँटेसा मुळात ब्रिटिश व्हॉक्सहॉल. दोघींत जपानी इंजिन बसलं ते नंतर. त्या जपानी इंजिनावर पुन्हा एक ब्रिटिश रूप चढलं ते रायगड जिल्ह्यात.

फायबरग्लासचं काम कोकण किनाऱ्याला परकं नाही. तिथल्या कितीतरी होड्या त्याच मालाच्या. साच्याला मेण चोपडायचं, त्यावर रंगाचा जेलकोट, मग काचतंतूंची मॅट अंथरून तिच्यात हार्डनर मिसळलेलं रेझिन मुरवायचं. रोलर फिरवून बुडबुडे काढणं हे खरं कसब. एखादा बुडबुडा आत राहिला तर वर्षभराने उन्हात तिथला रंग फुगतो. शेकड्यांनी पत्रे दाबणारे प्रेस छोट्या कारखान्याला परवडत नाहीत, साचा परवडतो. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ ही दोन जणांची उघडी गाडी काढली, तीही रेनोच्या इंजिनावर आणि फायबरच्या अंगाची.

इंग्लंडात सेव्हन खपली त्यात करवाचवेपणाचा वाटा मोठा. तयार गाडी १०३६ पौंडांना पडायची, आणि सुटे भाग नेऊन घरी जोडली तर ५३६ पौंडांना, कारण सुट्या भागांवर खरेदी कर नव्हता. सोबत जोडणीची पुस्तिका द्यायला मनाई होती, म्हणून चॅपमनने गाडी कशी उलगडावी याची पुस्तिका दिली आणि ती शेवटून वाचायची सोय गिऱ्हाइकावर सोडली, असा किस्सा लोटसवाले अजून रंगवून सांगतात. १९७३ साली ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्याला दिले. पुढे नकला इतक्या निघाल्या की कॅटरहॅमने वेस्टफील्ड नावाच्या कंपनीला कोर्टात खेचलं.

आपल्याकडे असली पळवाट कधी नव्हतीच. कंपनीला नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. जुन्या गाडीचा सांगाडा बदलून तिची स्पोर्ट्‌स कार करू म्हणणाऱ्याची वाट त्याहून बिकट. मूळ उत्पादकाच्या नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं. सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच आहे. पण चॅपमनसारखा एखादा पोरगा आज जुन्नरच्या शेडमध्ये वेल्डिंग करत असेल, तर त्याची गाडी बंदिस्त ट्रॅकपलीकडे जाणं अवघड.

मे २०१४ मध्ये पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात अँबॅसिडरचं उत्पादन थांबलं आणि रोडस्टरला ताकद पुरवणारी ती ओळ संपली. तिकडे इंग्लंडात कॅटरहॅमने साधारण त्याच सुमारास सेव्हनच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीसाठी नवं इंजिन निवडलं: सुझुकीचं ६६० सीसीचं, तीन सिलिंडरचं, जपानच्या छोट्या मोटारींत बसणारं. सुझुकीच्याच ६६० सीसी इंजिनावरच्या २०२१ च्या ‘सेव्हन १७०’ चं हलकं मॉडेल ४४० किलोंचं, चॅपमनच्या पहिल्या सेव्हनहूनही कमी. त्याच वर्षी खुद्द कॅटरहॅम कंपनी व्हीटी होल्डिंग्ज या जपानी समूहाने विकत घेतली.