काळूच्या पाण्यात मासा कुठे थांबतो?

ट्राउट थंड पाण्याचा मासा. तो काश्मीर-हिमाचलात किंवा निलगिरीत मिळेल, मुरबाडच्या काळू नदीत नाही. पण त्याला शोधताना पाणी जसं बघतात, तसंच काळूचंही बघता येतं. धारेत टिकून राहायला मासा उगाच ताकद घालवत नाही. तो आडोसा धरतो. खाणं मात्र धारेतूनच वाहत येतं, म्हणून धारेपासून लांबही जात नाही.

कातळाच्या मागे-पुढे

पाण्याबाहेर डोकं काढलेल्या कातळामागे संथ, गुळगुळीत पट्टा दिसतो. त्याच्या कडेने फेस, पानं, किडे सरकताना दिसले की गळ तिथेच सोडावा, नेमका त्या कडेच्या रेघेवर. कातळाच्या पुढच्या अंगाला, धार आपटते तिथेही थोडं पाणी मंदावतं. ती जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

डोहाचं तोंड

खळाळ डोहात उतरतो तिथे पाण्यात हवा भरपूर आणि खाणंही ताजं. सकाळ-संध्याकाळ मासे इथे वर येतात, ऊन चढलं की खोलात किंवा सावलीत जातात. काठावर उंबर असेल तर फार बरं. पिकलेलं फळ पाण्यात पडताच खाली हालचाल होते. खडस मासा तर फळांवर येतोच.

ज्याची त्याची जागा

मुऱ्या उथळ, वेगवान पाण्यात दगडांना चिकटून. वाम कपारीत, बाहेर पडते ती रात्री. मरळ गवताळ, साचलेल्या पाण्यात असते आणि हवा घ्यायला वर येते. पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा थवा हलताना दिसला तर आई-बाप खालीच राखणीला असतात. तेव्हा गळ गुंडाळावा.

दोन नद्या, दोन उन्हाळे

उन्हाळ्यात काळूची धार आटत जाते आणि मासे डोहांत अडकतात. तेव्हा मासा शोधायला कसब लागत नाही, म्हणूनच त्या डोहांत सुरुंग आणि विषारी पावडर टाकणारे निघतात. कायद्याने दोन्हींना बंदी आहे.

शहापूरच्या भातसेचं वेगळं. मुंबईचं पाणी धरणातून नदीपात्रानेच पिसे बंधाऱ्याकडे जातं, त्यामुळे धरणाखाली उन्हाळ्यातही धार असते आणि कातळामागची जागा वैशाखातही कामाची. पण सोडलेलं पाणी वाढलं की पात्रातला कातळ बघता बघता वेढला जातो. तिथे गळ काठावरूनच टाकावा.

वलगण

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांवर, शेतांत चढतात, तीच वलगण. त्यांना पकडायला पाणी वाचावंच लागत नाही. वलगणीची चव कितीही वाखाणली जात असली, तरी गाभोळी भरलेली मादी सोडून द्यावी, असं मला वाटतं.