उंबराच्या पोटात

उंबराला फूल येत नाही, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आलेच तर मध्यरात्री येते आणि ते ज्याला दिसेल त्याचे दैव उघडते, अशीही पुस्ती असते. प्रत्यक्षात लगडलेल्या उंबरावर लाखो फुले असतात. आपण त्यांना फळ म्हणतो आणि तुडवत पुढे जातो.

शाळेच्या पुस्तकात परागीभवन एका धड्यात, कीटकांचे जीवनचक्र दुसऱ्यात, परजीवी तिसऱ्यात आणि उत्क्रांती शेवटी, बहुधा परीक्षा तोंडावर आल्यावर. उंबरात हे सारे एकाच वेळी चालू असते, तेही सुपारीहून थोड्या मोठ्या जागेत. मला विचाराल तर जीवशास्त्राचा पहिला तास व्याख्यांवर न घालवता एक कच्चा उंबर उभा चिरून पाहण्यात घालवावा.

सूर्यफुलाची तबकडी कडांनी वर उचलून तिचे तोंड आवळले, तर फुले आत जातील आणि बाहेर दिसेल फक्त पिशवी. उंबर म्हणजे तशी पिशवी. वनस्पतिशास्त्रात या रचनेला कुंभासनी म्हणतात. आतल्या भिंतीला शेकडो-हजारो इवली फुले चिकटलेली असतात. मादीफुले आधी तयार होतात. नरफुले तोंडाजवळ असतात आणि काही आठवड्यांनी उमलतात. देठाच्या विरुद्ध टोकाला एक छिद्र असते, तेही खवल्यांनी जवळजवळ बंद. वारा आत शिरत नाही, मधमाशी, फुलपाखरू तर नाहीच. मग पराग आत जातो कसा?

त्यासाठी एक पाहुणी ठरलेली आहे. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची, जेमतेम दोन मिलिमीटरची ही माशी गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातली. लोक तिला चिलट म्हणून झटकतात. मादीफुले तयार झाली की उंबर विशिष्ट वास सोडतो आणि त्या वासावर ती येते. खवल्यांमधून आत घुसताना तिचे पंख तुटतात, बहुधा मिशांचे तुकडेही पडतात. परतीची वाट नाही. आत गेल्यावर छातीवरच्या खास कप्प्यांतून ती पराग काढते आणि फुलांवर लावते. पराग तिच्या अंगाला योगायोगाने चिकटलेला नसतो, तो तिने मुद्दाम भरून आणलेला असतो. मग फुलाच्या कुक्षीवृंतातून अंडनळी खाली घालून ती बीजांडात अंडे ठेवते. ज्या फुलांचा कुक्षीवृंत आखूड, तिथे अंडे पोहोचते आणि फुलाची गाठ बनते. ज्यांचा लांब, तिथे बहुतेक वेळा बी धरते. काम संपले की ती तिथेच मरते.

काही आठवड्यांनी गाठींतून आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. माद्या अजून गाठींतच असतात. नर गाठीला भोक पाडून आतच त्यांच्याशी मीलन करतात. नंतर सगळे मिळून उंबराची भिंत पोखरून बोगदा काढतात आणि मरतात. उजेडात जगण्याचा त्यांच्या आयुष्याशी संबंधच नाही. याच सुमारास नरफुले पिकलेली असतात. माद्या कप्पे परागाने भरून घेतात, बोगद्यातून उडतात आणि दुसरे झाड शोधू लागतात. त्यांच्या हाती एखाद-दुसरा दिवस असतो.

ही भागीदारी साधारण साडेसात कोटी वर्षांपासूनची आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेल्या, सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतल्या माशा आजच्या माशांसारख्याच दिसतात. परागाचे कप्पेसुद्धा आहेत. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक हे सारे फायकस प्रजातीतले. जगात या प्रजातीच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची माशी वेगळी. वडाची माशी उंबराच्या उपयोगाची नाही.

भागीदारी आली की फुकटेही आले. उंबरावर आणखी काही माशा येतात. त्या आत शिरत नाहीत, परागही आणत नाहीत. बाहेर बसून लांबलचक अंडनळीने भिंत भोसकतात आणि आत अंडी सोडतात. अपोक्रिप्टा वेस्टवुडी ही त्यांतलीच एक. ती तर आतल्या अळ्यांवरच परजीवी म्हणून जगते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या माशीची अंडनळी तपासली, तेव्हा टोकाच्या दातांमध्ये जस्त सापडले. केसाहून बारीक सुई, आणि तिला धातूची धार! हे संशोधन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. परजीवी निव्वळ नुकसानच करतात असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका फायकसवरच्या 2008च्या अभ्यासात दिसले, की भिंतीलगतच्या अळ्यांना परजीवींचा धोका जास्त असतो, पोकळीकडच्या अळ्या सुरक्षित राहतात. म्हणून भिंतीकडची फुले अंड्यांपासून वाचतात आणि झाडाला बी मिळते. चोर नसता तर भागीदारानेच दुकान धुऊन नेले असते.

काळा उंबर किंवा बोखाडा याहून बेरकी. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी. नर झाडाच्या फळात माशीची वीण होते. मादी झाडाच्या फळात सगळ्याच फुलांचा कुक्षीवृंत इतका लांब, की अंडे घालताच येत नाही. माशीला दोन्हींतला फरक कळत नाही. ती शिरते, परागीभवन करून देते आणि निपुत्रिक मरते. निसर्गात सगळीकडे गोडीगुलाबीच नांदते असे मानणाऱ्यांनी बोखाड्याकडे जरूर पाहावे.

आता फराळाच्या ताटातला प्रश्न: उंबराच्याच गोतावळ्यातल्या अंजिरात किडा असतो का? जैन आचारात वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच फळे वर्ज्य आहेत, ती आतल्या जीवांमुळेच. ज्यांनी हा नियम घातला त्यांनी फळ फोडून नीट पाहिले होते, एवढे नक्की. पण पुरंदरच्या अंजिराला माशी लागतच नाही. ते परागीभवनाशिवाय पिकते. स्मर्ना जातीच्या अंजिराचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात ती झाडे लावली. झाडे वाढली, पण फळे पिकण्याआधीच गळत. अखेर 1899 मध्ये माशी नेऊन तिथे रुजवली, तेव्हा बागा धरल्या. ॲरिस्टॉटलला ही माशी ठाऊक होती. रानअंजिराची फळे बागेतल्या झाडांवर टांगण्याची रीत त्याच्या काळीही होती.

माशीची गरज झाडापुरती थांबत नाही. एका झाडावरचे उंबर साधारण एकदम पिकतात, पण वेगवेगळी झाडे वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे निघालेल्या माशीला कुठेतरी कोवळे उंबर मिळतात आणि रानाला वर्षभर फळ मिळते. इतर झाडे रिकामी असतात तेव्हा धनेश, हरियाल, तांबट, वटवाघळे आणि शेकरू याच फळांवर तगतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी आणि राज्यप्राणी असे दोघेही दोन मिलिमीटरच्या चिलटाचे मिंधे आहेत.

उंबराच्या जवळच्या नात्यातल्या आफ्रिकी झाडाच्या माशा नामिबियाच्या वाळवंटात वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत पराग नेतात, हे 2009 मध्ये सिद्ध झाले. म्हणून आपल्याकडच्या सगळ्या माशा तेवढे उडतील अशी खात्री बाळगू नये. वारा साथ देईलच असे नाही आणि वेळ तर एखाद-दुसऱ्या दिवसाचाच. रस्तारुंदीत जुने वड-उंबर पडतात आणि भरपाई म्हणून कुठेतरी रोपे लावल्याचे फलक लागतात. रोपाला फळ धरायला वर्षे लागतात. तोवर त्या मुलखातल्या माशांची साखळी विरळ होत जाते. दत्ताच्या नावाने औदुंबर राखणाऱ्या गावांनी या बाबतीत वनखात्याइतकेच काम केले आहे, असे माझे मत. तेव्हा यंदा गावात, सोसायटीत, शाळेच्या आवारात झाडे लावायची असतील तर गुलमोहर पुरे झाले. उंबर लावा, एकटा नको, पंचक्रोशीत मिळून पाच-दहा लावा. आणि भिंतीपासून लांब लावा, म्हणजे पुढे कोणी कुऱ्हाड घेऊन येणार नाही.